यंत्राच्या नकारावर सही कोणाची?

रेशन दुकानातल्या पॉस मशीनवर अंगठा ठेवला की आपल्याला दोनच उत्तरं दिसतात : जुळला किंवा जुळला नाही. आतमध्ये मात्र हो-नाही असं काही नसतं. ठशातल्या रेषा जिथे फुटतात आणि जिथे संपतात, त्या जागा नोंदीतल्या ठशाशी ताडून संगणक साम्याचे गुण काढतो. ते गुण ठरावीक मर्यादेच्या वर आहेत की खाली, एवढंच तो पाहतो. ही मर्यादा माणसांनी ठरवलेली असते. ती खाली आणली तर तोतया आत शिरण्याची शक्यता वाढते, वर नेली तर खऱ्या माणसाला परत पाठवलं जाण्याची. दोन्ही चुका एकदम शून्यावर आणता येत नाहीत. ऊसतोडीत, वीटभट्टीवर, भातलावणीत, सिमेंट कालवताना ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्यांच्यापैकी किती जण रिकामी पिशवी घेऊन घरी जाणार, याचा बराचसा निर्णय असा आधीच आणि दूर कुठेतरी झालेला असतो. दुकानदार म्हणतो, ‘मशीन घेत नाही’, तेव्हा तो खोटं बोलत नसतो.

स्वयंचलित व्यवस्था आणि माणुसकी यांच्यावर हल्ली पुष्कळ बोललं जातं आणि बहुतेक चर्चा यंत्राला भावना असतात का, यापाशी घुटमळते. मला तो प्रश्न दुय्यम वाटतो. गेल्या पंचवीस वर्षांत ब्रिटन, नेदरलँड्स, ऑस्ट्रेलिया, अमेरिका आणि आपल्याकडे जे घडलं ते शेजारी-शेजारी ठेवून पाहिलं, तर दुसराच प्रश्न पुढे येतो. यंत्राने ‘नाही’ म्हटल्यावर ‘हो’ म्हणण्याचा अधिकार कोणाकडे उरतो, आणि चूक निघाली तर तिची किंमत कोण मोजतं?

खिडकीमागे माणूस बसत होता तेव्हा सगळं बरं होतं, असं म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. त्या माणसाला कणव यायची ती कोणाची? ओळखीच्याची, नात्यातल्याची, जातीतल्याची. बाकीच्यांसाठी वशिला, चिरीमिरी आणि ‘उद्या या’ होतं. 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याची जी कठोर चिकित्सा केली, तिच्यामागे हाच अनुभव होता. गावाच्या दयेवर जगणं काय असतं, हे ज्यांनी भोगलं त्यांना लिखित, सर्वांना सारखा लागू होणारा नियम हा आधार वाटला, आणि तो तसा आहेच. नियम मेहेरबानी संपवतो. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरने नोकरशाहीचं विवेचन करताना अधिकाऱ्याने माणूस न पाहता काम करावं हा तिचा गाभा मानला, तोही याच अर्थाने. रेल्वेचं आरक्षण संगणकावर गेलं, सातबारा मोबाइलवर मिळू लागला, तेव्हा सर्वांत मोठा दिलासा ज्यांची कोणाशी ओळख नव्हती त्यांना मिळाला. यंत्राविरुद्ध लिहिताना हे विसरणारा लेखक गरिबाची बाजू घेत नसतो.

पण नियम कितीही नेटका असला तरी तो आधी लिहिलेला असतो आणि आयुष्य नंतर घडतं. ती फट आजवर खिडकीवरचा माणूस भरून काढत होता. मायकेल लिप्स्की या अमेरिकी अभ्यासकाने 1980 मध्ये शिक्षक, पोलीस, कल्याण कार्यालयातले कारकून यांच्यावर एक पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं की धोरण मंत्रालयात तयार होतं हे अर्धसत्य आहे. थेट लोकांशी गाठ पडणारे हे कर्मचारी रोज जे छोटे निर्णय घेतात, तेच लोकांपर्यंत पोहोचणारं धोरण असतं. पुढे 2002 मध्ये मार्क बोव्हेन्स आणि स्टाव्ह्रोस झौरिडिस या दोन डच अभ्यासकांनी पुढचा टप्पा मांडला. संगणकीकरणामुळे हे निर्णय खिडकीवरून उठून प्रणाली रचणाऱ्यांच्या टेबलावर गेले आहेत, असं त्यांनी दाखवलं. निर्णयाची मुभा संपलेली नाही, ती जागा बदलून बसली आहे, आणि नव्या जागी ती वापरणाऱ्याची अर्जदाराशी कधी गाठच पडत नाही. या विषयावर मी जे वाचलं त्यात मला सर्वांत मोलाचं वाटलेलं निरीक्षण हेच.

त्याचा सर्वांत भयंकर दाखला त्यांच्याच देशात मिळाला. नेदरलँड्समध्ये नोकरी करणाऱ्या आईबापांना पाळणाघराच्या खर्चासाठी सरकारी भत्ता मिळतो. फसवणूक रोखण्याच्या मोहिमेत करखात्याने कायद्याचा असा अर्थ लावला की पालकाने स्वतःचा वाटा थोडा जरी कमी भरला किंवा कागदात लहानशी त्रुटी राहिली, तरी पूर्ण वर्षाचा भत्ता परत घ्यायचा. हजारो युरोंच्या वसुलीच्या नोटिसा निघाल्या. कोणाची प्रकरणं तपासायची हे निवडताना धोका मोजणारी संगणकीय पद्धत वापरली जात होती आणि तिच्यात डच नागरिकत्व नसणं हाही एक निकष होता. हजारो कुटुंबं कर्जात बुडाली, घरं गेली, संसार मोडले. अशा कुटुंबांतल्या हजाराहून अधिक मुलांना आईवडिलांपासून दूर ठेवण्यात आलं.

या प्रकरणात केवळ संगणकाकडे बोट दाखवून भागत नाही. देशातल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने हा ‘सगळं किंवा काहीच नाही’चा अर्थ वर्षानुवर्षं उचलून धरला आणि 2019 मध्ये बदलला. करखात्यातल्याच एका विधी सल्लागार महिलेने 2017 मध्ये लेखी कळवलं होतं की आपण चुकीचं वागत आहोत. तो कागद बाजूला पडला. कष्ट पडत असतील तर सूट द्यावी, असं कलमच त्या कायद्यात नव्हतं. डिसेंबर 2020 मध्ये संसदेच्या समितीने अहवाल दिला आणि 15 जानेवारी 2021 रोजी पंतप्रधान मार्क रुटे यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. बळी पडलेल्या प्रत्येक पालकाला 30,000 युरो देण्याचं ठरलं. माणसं साखळीत सगळीकडे होती : कारकून, वकील, न्यायाधीश, मंत्री. प्रत्येकाने नियम पाळला, आणि अपवाद करणं हे आपलं काम आहे असं त्यांच्यापैकी कोणाच्याच कामाच्या यादीत लिहिलेलं नव्हतं.

ब्रिटनच्या टपाल खात्याची गोष्ट वेगळी, पण वळण तेच. 1999 पासून तिथल्या पोस्टांत फुजित्सू कंपनीची होरायझन ही हिशेबप्रणाली बसवण्यात आली. लहान पोस्टं चालवणाऱ्या उप-पोस्टमास्तरांच्या हिशेबात तूट दिसू लागली. करारानुसार तूट त्यांनीच भरायची होती. प्रणालीत दोष असेल असं म्हणणाऱ्यांपैकी अनेकांना ‘असं फक्त तुमच्याकडेच होतंय’ असं सांगण्यात आलं. कोणी घर गहाण टाकलं, कोणी नातेवाइकांकडून पैसे आणले, कोणी तुरुंगात गेलं. 2015 पर्यंत नऊशेहून अधिक जणांना चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा गुन्ह्यांत दोषी ठरवलं गेलं. त्यांत भारतीय वंशाचेही पुष्कळ होते. होरायझन आली त्याच सुमारास तिथल्या कायद्यात एक बदल झाला होता. संगणकी पुरावा मांडणाऱ्याने यंत्र नीट चालत होतं हे आधी सिद्ध करावं, ही अट गेली. यंत्र बरोबर आहे असं गृहीत धरायचं आणि चूक आहे हे आरोपीने दाखवायचं. खेड्यातल्या पोस्टमास्तराने कंपनीच्या सर्व्हरमधला दोष शोधायचा कसा? माजी उप-पोस्टमास्तर ॲलन बेट्स यांच्यासह 555 जणांनी खटला भरला, 2019 मध्ये प्रणालीतले दोष न्यायालयाने मान्य केले, आणि मे 2024 मध्ये शिक्षा एकगठ्ठा रद्द करण्यासाठी संसदेला खास कायदा करावा लागला.

ऑस्ट्रेलियातल्या ‘रोबोडेट’ या भत्तावसुलीच्या योजनेत तर चूक प्राथमिक शाळेच्या गणितातली होती. वर्षाच्या उत्पन्नाला 26 पंधरवड्यांनी भागायचं आणि आलेली सरासरी माणसाने दर पंधरवड्याला कमावली असं धरून, जास्त भत्ता घेतला म्हणून वसुली काढायची. ज्याला चार महिने काम होतं आणि आठ महिने नव्हतं, तो या हिशेबात वर्षभर कमावता ठरतो. हंगामी कामावर जगणाऱ्या कोणत्याही माणसाने हे ऐकताच चूक दाखवली असती. 2019 मध्ये ही पद्धत थांबली आणि 2023 च्या चौकशी आयोगाने तिच्यावर अत्यंत कडक शब्दांत ताशेरे ओढले. अमेरिकेत मिशिगन राज्यात 2013 ते 2015 या काळात बेकारभत्त्याच्या संगणकाने हजारो लोकांवर फसवणुकीचा खोटा शिक्का मारला, तोही असाच.

आता आपल्याकडे. इथे अन्न हाच प्रश्न असल्यामुळे चुकीची किंमत सर्वांत जास्त आहे. सप्टेंबर 2017 मध्ये झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात अकरा वर्षांच्या एका मुलीचा मृत्यू झाला. कुटुंबाचं रेशनकार्ड आधारशी जोडलेलं नाही म्हणून ते रद्द झालं होतं आणि कित्येक महिने धान्य मिळालं नव्हतं. मृत्यू भुकेने झाल्याचं घरच्यांनी सांगितलं. सरकारने ते नाकारून मलेरियाचं कारण दिलं. कार्ड रद्द झालं होतं याबद्दल मात्र वाद नाही. पाठोपाठ 24 ऑक्टोबर 2017 रोजी केंद्राच्या अन्न विभागाने राज्यांना कळवलं की आधार नाही किंवा ठसा जुळला नाही एवढ्यावरून कोणालाही धान्य नाकारू नये, आणि अशा अपवादांची वेगळ्या वहीत नोंद ठेवावी. सूचना नेमकी आणि चांगली आहे. पण वहीत नोंद करून धान्य देणाऱ्या दुकानदारावर उद्या संशय येतो, तपासणी होते. ‘मशीन घेत नाही’ म्हणून परत पाठवणाऱ्याला कोणी विचारत नाही.

सरकारी कचेरीत वावरलेल्या कोणालाही हे गणित माहीत असतं. मंजुरी दिली तर लेखापरीक्षण, ठपका, वसुली. नाकारलं तर काहीच नाही. यंत्र येण्याआधीही हे होतं. यंत्राने एवढंच केलं की नाकारणाऱ्याच्या मनावरचं उरलंसुरलं ओझंही उतरवलं. समोरच्या म्हातारीकडे पाहून पूर्वी ज्याला निदान नजर चुकवावी लागे, तो आता स्क्रीन तिच्याकडे वळवून दाखवू शकतो.

या बाबतीत आपल्या देशात झालेलं एक काम प्रत्येक धोरणकर्त्याने वाचायला हवं. कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाउस आणि संदीप सुखटणकर या अर्थशास्त्रज्ञांनी ठशावर चालणाऱ्या योजनांचे दोन मोठे प्रयोग अभ्यासले. पहिला तत्कालीन आंध्र प्रदेशात, रोजगार हमीची मजुरी आणि पेन्शन देणाऱ्या स्मार्टकार्डांचा. तिथे मधली गळती घटली, पैसे लवकर मिळू लागले आणि गरीब बाहेर फेकले गेले नाहीत. दुसरा झारखंडमध्ये, रेशनसाठी आधारच्या ठशाचा. तिथे नुसत्या ठशाच्या सक्तीने गळती कमी झाली नाही. उलट ज्यांची कार्डं जोडलेली नव्हती त्यांचं धान्य साधारण 10 टक्क्यांनी घटलं. पुढे दुकानदारांकडच्या शिलकीचा हिशेब या नोंदींवरून लावायला सुरुवात झाल्यावर सरकारचं धान्य बरंच वाचलं, पण त्या बचतीचा निदान पाचवा हिस्सा खऱ्या लाभार्थ्यांच्या ताटातून आला होता. ठसा दोन्हीकडे होता, निकाल उलटा का? मला उत्तर एका बारकाव्यात दिसतं. आंध्रात दोन वर्षांनंतरही जवळपास निम्मे पैसे जुन्याच पद्धतीने, कार्डाशिवाय दिले जात होते. नवी वाट उघडताना जुनी बुजवली नव्हती. झारखंडमध्ये ती बुजवली.

आंध्रानेच पुढे रेशनमध्ये आणखी एक सोय केली. लाभार्थ्याचा अंगठा लागत नसेल तर गावच्या महसूल अधिकाऱ्याने स्वतःचा अंगठा लावून धान्य द्यायचं. या साध्या तरतुदीत मला सगळ्या प्रश्नाचं उत्तर दिसतं. इथे दया ही कोणाच्या मनाच्या मोठेपणावर सोडलेली नाही. अपवाद करणाऱ्याला नाव आहे, पद आहे, नोंद आहे, आणि अपवाद करणं हेच त्याचं काम आहे. तो खोटेपणा करेल का? करेल, काही जण करतील. पण मग चोर कोण हे शोधता येतं. अंगठा न लागलेल्या बाईला परत पाठवणाऱ्या व्यवस्थेत दोषी शोधायला गेलं तर हाती कोणीच लागत नाही.

महाराष्ट्रात या दोन्ही तऱ्हा दिसतात. पीकपाहणी पूर्वी तलाठी करायचा आणि अनेकदा शिवारात न जाता चावडीत बसून करायचा. 15 ऑगस्ट 2021 पासून शेतकऱ्याने स्वतः उभ्या पिकाचा फोटो ॲपवर टाकायचा असं ठरलं. तत्त्व चांगलं, सातबारावर काय चढतंय हे आता शेतकऱ्याच्या हातात आलं. पण ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही, ज्याच्या शिवारात रेंज नाही, त्याची जमीन कागदावर पडीक राहू लागली. शेवटी त्याच्या मदतीला गावपातळीवर पुन्हा माणसं द्यावी लागली. 2017 च्या कर्जमाफीत ऑनलाइन अर्ज, पती-पत्नीचे आधार आणि बँकांच्या याद्या यांचा मेळ बसेना, तेव्हा पात्र शेतकरीही महिनोन्महिने ताटकळले. रोजगार हमीच्या कामावर 1 जानेवारी 2023 पासून सगळीकडे मोबाइल ॲपवरून दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो काढून हजेरी लावायची सक्ती झाली. फोटो चढला नाही तर घाम गाळलेल्या दिवसाची मजुरी जाते, कारण मस्टरवर तो दिवस नसतोच.

हे याच राज्यात घडावं याचं मला विशेष वाईट वाटतं. रोजगार हमीची कल्पना इथे रुजली ती वि. स. पागे यांच्यामुळे, 1972 च्या दुष्काळात ती राज्यभर पसरली आणि 1977 मध्ये तिचा कायदा झाला. तिची खरी थोरवी तपासणीच्या साधेपणात होती. दारिद्र्याचा दाखला नको, उत्पन्नाचा पुरावा नको. भर उन्हात खडी फोडायला जो येईल तो गरजू, हेच गृहीत धरलेलं होतं. अट अशी निवडली होती की खोटा माणूस आपणहून येणार नाही. नियमातच कणव कशी गुंफता येते, याचा यापेक्षा चांगला नमुना मला ठाऊक नाही. अनेकदा यंत्र लागतं ते आपण अटी वाढवत नेतो म्हणून. अटी कमी केल्या तर तपासायचंच थोडं उरतं. तामिळनाडूने रेशन सर्वांना खुलं ठेवलं आणि पात्र-अपात्रतेचा अर्धा घोळ मुळातच टाळला.

गेल्या काही वर्षांत एक नवी गोष्ट घडली आहे. यंत्र आता गोड बोलू लागलं आहे. 1966 मध्ये जोसेफ वाइझेनबाउम यांनी एमआयटीत एलिझा नावाचा छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो समोरच्याचंच वाक्य फिरवून प्रश्न विचारायचा, एवढंच. तरी लोक त्याच्याशी मन मोकळं करू लागले. नाझी जर्मनीतून लहानपणी बाहेर पडलेले वाइझेनबाउम यामुळे हादरले. 1976 च्या पुस्तकात त्यांनी बजावलं की काही निर्णय संगणकाला घेता आले तरी त्याच्यावर सोपवू नयेत. आज त्यांची धास्ती जास्त खरी वाटते. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात रुग्णांनी विचारलेल्या 195 प्रश्नांना डॉक्टरांनी आणि चॅटजीपीटीने दिलेली उत्तरं तपासली गेली. तपासणारे स्वतः वैद्यकीय व्यावसायिक होते. तीनचतुर्थांशाहून अधिक वेळा त्यांनी यंत्राचं उत्तर पसंत केलं, आणि सहानुभूतीतही ते बरंच वरचढ ठरवलं. यात डॉक्टरांचा अपमान नाही. सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत रांग संपत नसताना कोणाला चार वाक्यं जास्त बोलायला वेळ असतो? यंत्राने नोंदी आणि अर्ज भरण्याचं काम उचललं आणि तो वेळ माणसाला परत मिळाला, तर मी त्याचं स्वागतच करीन.

पण गोड बोलणं आणि जबाबदारी घेणं यांतलं अंतर एअर कॅनडाच्या प्रकरणात उघडं पडलं. आजी वारल्याने प्रवास करणाऱ्या एकाला कंपनीच्या चॅटबॉटने सांगितलं की शोकप्रसंगी मिळणाऱ्या सवलतीसाठी नंतरही अर्ज करता येईल. कंपनीने पुढे पैसे नाकारले आणि लवादापुढे चक्क असा बचाव केला की चॅटबॉटच्या बोलण्याला आम्ही जबाबदार नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या लवादाने तो फेटाळला. रक्कम लहान होती, तत्त्व मोठं : यंत्र ज्याने उभं केलं, त्याच्या शब्दाला तोच बांधील.

कायदे हळूहळू जागे होत आहेत. युरोपात 2018 पासून, ज्याचे गंभीर परिणाम होतील असा निर्णय केवळ यंत्राने घेऊ नये असा हक्क नागरिकाला आहे, आणि 2024 च्या एआय कायद्याने कल्याणयोजनांची पात्रता ठरवणाऱ्या प्रणाली जोखमीच्या मानून तिथे माणसाची देखरेख सक्तीची केली आहे. देखरेख करणाऱ्याला वेळ, माहिती आणि अभय नसेल तर तो नुसतं बटण दाबणारा होईल, ही भीती तिथेही आहेच. आपल्याकडे 26 सप्टेंबर 2018 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने आधारची सक्ती कल्याणयोजनांसाठी कायम ठेवली. न्या. धनंजय चंद्रचूड यांनी भिन्नमत नोंदवताना माणसाची प्रतिष्ठा आणि हक्क गणिती शक्यतांवर टांगता येणार नाहीत, असं म्हटलं. मला ते मत योग्य वाटतं. 2023 च्या विदा संरक्षण कायद्यात मात्र यंत्राच्या निर्णयाविरुद्ध दाद मागण्याचा असा कोणताही हक्क आलेला नाही.

महाराष्ट्राला दिल्लीची वाट पाहण्याची गरज नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 पासून लागू आहे. अधिसूचित सेवा नाकारायची तर अधिकाऱ्याने लेखी कारण द्यावं, त्यावर पहिलं आणि दुसरं अपील व्हावं, पुढे आयोगाकडे जाता यावं, आणि कसूर करणाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड व्हावा, हे सगळं त्यात आहे. ठसा न जुळणं, ई-केवायसी अडकणं, नाव यादीतून गळणं, सर्व्हर बंद असणं, यांनाही या कायद्याखाली नकार मानलं जावं. रेशन, निराधार योजना, लाडकी बहीण, पीकविमा या सगळ्यांना ते लागू व्हावं. प्रत्येक नकाराची चिठ्ठी निघावी आणि तिच्यावर एका अधिकाऱ्याचं नाव असावं. अपवाद करण्याचा अधिकार त्याच्याकडे असावा, आणि सद्भावनेने केलेल्या अपवादाबद्दल त्याला कायद्याचं संरक्षण मिळावं. लाभार्थी अपात्र आहे हे सिद्ध होईपर्यंत धान्य आणि पैसे चालू राहावेत. हे अधिसूचनेने आणि छोट्या दुरुस्तीने होण्यासारखं आहे. आपल्या आमदाराकडे ही मागणी लेखी करा.